सासऱ्यांचा पांढरा

विज्ञान केंद्रात शिरलं की तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला, एक खिडकी आहे आणि खिडकीवर पाटी आहे: ‘विचारा’. काय विचारा, कुणाला विचारा, काही पत्ता नाही. सुरुवातीला लोक तिथे फक्त स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायचे. मग हळूहळू बातमी पसरली की त्या खिडकीत एक बाई बसते आणि जगातल्या कुठल्याही ‘का’ला कारण देते. तेव्हापासून तिचं नाव पडलं कारणबाई. स्वच्छतागृहाचं अजूनही विचारतात, ते सोडा.

आणि लोक तरी काय काय विचारतात! दूध उतू जातं, मग पाणी का नाही जात? लिफ्ट खाली निघाली की पोटात कालवतं ते नक्की कुठे? रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज आपल्याला परक्याचा का वाटतो? एक गृहस्थ तर दर आठवड्याला येऊन विचारायचे, की पाल छतावर उलटी चालते, तिच्या डोक्यात रक्त नाही का उतरत? कारणबाई कुणाला हसायची नाही. तिच्या टेबलाच्या खणात मेणबत्त्या, फुगे, लोहचुंबक, आरसे, रंगीत जिलेटिनचे कागद असा सगळा पसारा, आणि कोरडं उत्तर द्यायचं नाही हा तिचा नेम. फुगा फुगवील, मेणबत्ती पेटवील, वेळ पडली तर स्वतः टेबलावरून उडी मारील, पण दाखवील. खिडकीचे नियमही तिनेच घातलेले. कुणाचं नाव विचारायचं नाही. एका टोकनवर एकच प्रश्न. खोटं सांगायचं नाही, आणि ठाऊक नसेल तर सरळ ‘माहीत नाही, शोधून सांगते’ म्हणायचं. टोकन देणारा पहारेकरी हे नियम इतके कडक पाळायचा की एकदा त्याने खुद्द संचालकांनाही रांगेत उभं केलं होतं.

बाहेर असा मान. आणि घरी? पिकतं तिथे विकत नाही, तीच गत.

घरी होते सासरे. त्यांना सगळी गल्ली दादा म्हणायची, म्हणून सूनही दादाच म्हणायची. दादा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. छापील पाट्या आल्या आणि ब्रशवाले सगळे घरी बसले, पण दादा काही बसले नाहीत. ‘छापलेल्या अक्षराला कंबर नसते,’ असं त्यांचं म्हणणं. जुनी गिऱ्हाइकं त्यांना धरून होती, आणि दादा आपले खांद्यावर शिडी टाकून निघायचे. सुनेच्या विज्ञानावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही.

“दादा, दुधावर साय धरते ना, तिच्याखाली वाफ कोंडते, आणि मग ती साय घेऊनच वर येते,” ती एकदा सांगायला गेली.

“दूध उतू गेलं, कारण तू गॅस चालू ठेवून फोनवर बोलत होतीस,” दादा म्हणाले. “यात साय कुठून आली?”

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दोघांची जुंपली की तो हात वर करून म्हणायचा, “मी मधल्या मजल्यावर अडकलोय. मला कुणी वरही ओढू नका आणि खालीही.” आणि पेपरात डोकं घालायचा.

घरात तसं दुसरं काही दुखणं नव्हतं. एक भिंत होती, तेवढी.

सासूबाई गेल्या, त्या वर्षी दादांनी पुढच्या खोलीची एक भिंत रंगवायला काढली होती. सासूबाईंचा एक आवडता निळा होता. फिकट, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडासारखा. त्यांची त्या रंगाची एक शाल होती, ती त्यांच्याबरोबरच गेली. दादांनी डब्यात पांढरा घेतला, त्यात निळा घातला, ब्रशने भिंतीवर एक ओढ मारून लांब जाऊन पाहिली. मान हलवली. आणखी निळा घातला. आणखी. आणखी. शेवटी “हां! हाच तिचा,” म्हणाले आणि एका दिवसात भिंत संपवली. घरच्यांनी पाहिलं. भिंत नव्हती ती, दौत होती शाईची! विजेचं बिल द्यायला येणारा माणूस दार उघडलं की एक पाऊल मागे सरकायचा. पण दादा रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरायचं की बोलायची कुणाची छाती आहे? “दुःखाचा रंग असेल एखादा,” लिफ्टवाला म्हणाला. बायकोनेही मान डोलावली. जगाला कारणं वाटणारी बाई, पण घरच्या भिंतीचं कारण काही तिने शोधलं नाही.

पुढे बेकरीची पाटी झाली. बेकरीवाल्याने तपकिरीवर पांढरी अक्षरं सांगितली होती, आली फिकट पिवळी. अक्षरं काय सुरेख वळणदार, पण पिवळी. बेकरीवाल्याला वाटलं, दादांनी काहीतरी विचार करूनच काढली असणार, आपण कोण बोलणारे. कारणबाईला वाटलं, बेकरीवाल्यानेच तसा रंग मागितला असणार. ती रोज त्या पाटीखाली उभी राहून ब्रेड घ्यायची.

आणि मग आला तो गुरुवार.

दर गुरुवारी सकाळी शहरातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर कारणबाईचा अर्धा तास असायचा. लोक फोन करायचे, ही उत्तरं द्यायची. त्या दिवशी एका बाईंचा फोन आला. आवाजातच भांडण होतं.

“आमचे हे पिवळा पडलेला शर्ट घालून लग्नाला निघतात. मी म्हणते पिवळा आहे, ते म्हणतात पांढराशुभ्र आहे. आता तुम्हीच सांगा, वेडं कोण?”

“कुणीच नाही!” कारणबाई खुशीत आली. असे प्रश्न तिला फार आवडायचे. “कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात ना, ते राहू द्या. पण आपल्या डोळ्यात एक भिंग असतं, ते वय झालं की पिवळट पडत जातं. मोतीबिंदू म्हणतो आपण. त्यातून बघणाऱ्याला पांढरा आणि फिकट पिवळा यांतला फरकच कळत नाही. आमच्या गल्लीतच बघा ना! बेकरीची नवी पाटी आहे. अक्षरं चांगली पिवळी आहेत, पण रंगवणाऱ्याला ती पांढरीच दिसली असणार. त्या गृहस्थांनी आधी डोळे तपासून घ्यावेत! आणि पांढऱ्यापेक्षा जास्त हाल होतात ते निळ्याचे. निळा प्रकाश त्या पिवळ्या भिंगात अडतो. मग साधा निळा फिका वाटायला लागतो, आणि माणूस त्यात आणखी निळा घालतो, आणखी निळा...”

आणि कारणबाई थांबली. डोळ्यांसमोर पुढच्या खोलीची भिंत उभी राहिली होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! उदाहरण तोंडातून निघून गेलं, आणि मग आठवलं की त्या उदाहरणाचे पाय आपण रोज नमस्काराला वाकून नाही, तरी चहाचा कप देताना पाहतो. रेडिओवर इतकी शांतता पसरली की निवेदक खोकला आणि त्याने घाईघाईने गाणं लावलं.

दादा ‘तो कार्यक्रम’ ऐकत नसत. म्हणजे तसं ते सांगत. गुरुवारी रेडिओ आपोआप चालू व्हायचा आणि दादा त्याच्या शेजारी योगायोगाने बसलेले असायचे, एवढंच. ती धावत-पळत घरी आली तेव्हा ते खुर्चीत बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

“मोतीबिंदू माझ्या डोळ्यात,” ते म्हणाले, “आणि बातमी आधी गावाला.”

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. निम्म्या लोकांनी अर्धंच ऐकलं होतं, ते दादांची कावीळ कशी आहे विचारायला आले. संध्याकाळी बेकरीवाला समजूत घालायला आला. माणूस भला, पण अक्कल गुडघ्यात. म्हणाला, “दादा, मनाला लावून घेऊ नका हो. मला तर अक्षरं आवडली. अगदी लोण्यासारखी दिसतात.”

“म्हणजे पिवळी आहेत!” दादा कडाडले. तोवर त्यांना थोडी आशा होती.

त्या दिवसापासून सुनेशी बोलणं बंद. समोर बसलेली असली तरी मुलाला सांगायचे, “तुझ्या बायकोला सांग, चहा गार झालाय.” मुलगा बायकोकडे वळून म्हणायचा, “चहा गार झालाय.” ती म्हणायची, “त्यांना सांगा, ते अर्धा तास कप हातात धरून बसले म्हणून.” मुलगा म्हणायचा, “मी मधल्या मजल्यावर...” आणि पेपर उघडायचा.

पण डोळे तपासणं भाग होतं. लिफ्टवाल्याने वडिलांना ‘एक लिफ्ट बघायची आहे, बरोबर चला’ असं सांगून नेलं, आणि लिफ्ट नेमकी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन थांबली. डॉक्टरबाईंनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन साधं आहे, म्हणाल्या, पण आता लांबवू नका. आणखी कडक झाला तर काम अवघड होईल, आणि हे असेच चढले-उतरले तर एखाद्या दिवशी शिडीवरून पडतील.

“करणार नाही,” दादा म्हणाले.

“का हो आजोबा?”

“करणार नाही म्हटलं ना!”

झालं. दगडावरची रेघ. कारणबाईने काय काय केलं म्हणून सांगू! केंद्रातून डोळ्याची भली मोठी प्रतिकृती आणली, आतलं भिंग काढून दाखवलं. दादांनी ती उचलून पेपर उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवली. ऑपरेशन झालेल्या बेकरीवाल्याच्या मावशीला घरी बोलावलं. मावशी तासभर सांगत होत्या की आता सुईत दोरा ओवता येतो. दादा म्हणाले, “मला कुठे शिवायचंय?” पालथ्या घड्यावर पाणी.

तिला रात्री झोप लागेना. तिच्या मनाने घेतलं होतं की हे सगळं आपल्या जिभेमुळे. चारचौघांत अपमान केला, म्हणून हट्टाला पेटलेत, आणि हट्टापायी डोळे घालवून बसतील. शेवटी एका सकाळी तिने सरळ जाऊन सांगितलं, “दादा, माझं चुकलं. मला माफ करा, पण डोळ्यांवर राग काढू नका.”

दादांनी खुर्ची दुसरीकडे वळवली. मग मुलाला म्हणाले, “तुझ्या बायकोला सांग, ती बोलली ते खरं होतं. खऱ्याची माफी मागत नसतात.”

आता आली का पंचाईत! राग नाही, तर मग नाही कशाला म्हणतात? भीती म्हणावी, तर माणूस उभ्या आयुष्यात शिडीवर राहिलेला. कारणबाईला कारण सापडेना.

त्याच आठवड्यात दादा औषधांच्या दुकानाची पाटी रंगवायला गेले. नको नको म्हटलं तरी गेले. उतरताना शेवटची पायरी त्यांना जमीन वाटली. पाय हवेत पडला आणि दादा खाली ठेवलेल्या लाल रंगाच्या बादलीत बसले. कारणबाईला निरोप गेला, ‘दादा पडलेत.’ ती चपला न घालता धावली. गर्दी बाजूला सारून पाहते तर दादा फुटपाथवर बसलेले आणि कमरेपासून खाली लालभडक. तिथेच मटकन बसली आणि लहान मुलासारखी रडायला लागली.

“अगं, रंग आहे तो, रंग!” दादा ओरडले. “रक्त नाही! लाल तरी नीट ओळखायला शिक!”

त्या गुरुवारनंतर ते तिच्याशी थेट बोलले, ते हे पहिलंच वाक्य. मनगट मुरगळलं होतं, बाकी काही नाही. पण घरी येईपर्यंत तिने त्यांचा हात सोडला नाही, आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. खिडकीसमोर चांगली रांग होती. नळ दुरुस्त करणारा एकजण, पाइप थंडीत का फुटतात ते विचारून गेला. “पुढचा!” पहारेकरी ओरडला. खिडकीत आली एक टोपी. टोपीखाली काळा गॉगल, त्याखाली मफलर. पहारेकऱ्याचा हात आपसूक दांड्याकडे गेला. पण कारणबाईने खिडकीच्या फळीवर टेकलेली बोटं पाहिली होती. नखांमध्ये लाल रंग होता. मनगटाला पट्टी होती, ती तिनेच सकाळी बांधली होती.

“बोला, आजोबा,” ती म्हणाली. आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

“नाव सांगणार नाही.”

“आम्ही विचारतही नाही.”

“माझा एक मित्र आहे. पेंटर आहे. त्याची सून म्हणते, त्याच्या डोळ्यात पिवळं भिंग झालंय. सून जरा बडबडी आहे.”

“असतात काही काही.”

“तर ते भिंग पिवळं आहे, कबूल. पण मला हे सांगा, तो डब्यातला रंग बघतो तोही त्याच भिंगातून, आणि पाटी बघतो तीही त्याच भिंगातून. दोन्हीकडे सारखंच पिवळं मिसळलं. म्हणजे हिशेब बरोबर झाला की नाही? मग चूक राहतेच कशी?”

कारणबाईच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं खिडकीत बसली, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. समोर सासरे आहेत, गॉगल आहे, मफलर आहे, सगळं ती क्षणभर विसरली.

“अहो, काय प्रश्न विचारलात!” ती उठून उभीच राहिली. “तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. नमुना समोर ठेवून तसाच रंग करायचा असला, तर तो फारसा चुकणार नाही. पण शेजारी शेजारी दोन डबे ठेवले, एक पांढरा आणि एक फिकट पिवळा, तर कुठला उचलायचा तेच त्याला कळणार नाही. थांबा, दाखवते.”

तिने खणातून कार्डं काढली. काही पांढरी, काही फिकट पिवळी, पाठीवर रंगांची नावं लिहिली. दाखवायची म्हणजे नेहमीची रीत अशी, की जिलेटिन विचारणाऱ्याच्या डोळ्यांवर धरायचं आणि त्याला ओळखायला लावायचं. तिने जिलेटिन उचललं, दादांकडे पाहिलं, आणि तिचा हात थांबला. एकदा यांना उदाहरण करून झालंय, बाई. पुरे.

तिने पिवळ्या जिलेटिनची चांगली जाड घडी केली आणि स्वतःच्याच डोळ्यांवर धरली.

“आजोबा, तुम्ही कार्डं पिसा आणि एकेक मला दाखवा. नाव वाचून मी बरोबर की चूक ते सांगा.”

दादांनी कार्ड धरलं.

“पांढरं.”

दादांनी कार्ड उलटं केलं आणि नाकाला लावून वाचलं. “पिवळं.”

“हे... पिवळं.”

“पांढरं!”

“हे पांढरं. नक्की.”

“पिवळं! पुन्हा चूक!”

रांगेत एकच हशा पिकला. कारणबाई चुकतेय, तीही धडाधड, असं दृश्य आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मागचे लोक टाचा उंचावून पाहू लागले. पालवाले गृहस्थ तर टाळ्या वाजवायला लागले. पहारेकऱ्याला मात्र वाईट वाटलं. तो हळूच म्हणाला, “मॅडम, दुसरं आहे ते, दुसरं.”

तिने जिलेटिन खाली घेतलं. “ही कार्डं मीच कापलेली आहेत, आजोबा. तरी चुकले. म्हणून काय माझी अक्कल गेली? माझा हात बिघडला? काच पिवळी होती, बस्स. काच काढली की मी होते तशी आहे.”

दादा कार्डांकडे पाहत राहिले. “हात नाही बिघडला?” त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

“हात जिथल्या तिथे आहे. अक्षरांची कंबर बघा की, तुमच्या मित्राच्या.”

दादांनी घसा साफ केला. “मग आता दुसरं असं की...”

“एका टोकनवर एकच प्रश्न!” पहारेकरी मधे आला.

“अरे, मी हिचा...”

“कुणीही असा. संचालकसुद्धा रांगेत उभे राहिलेत.”

दादांनी मागे वळून नवीन टोकन घेतलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मधल्या लोकांना कारणबाईने काय उत्तरं दिली ती तिलाच आठवत नाहीत. पालवाल्यांना तिने बहुतेक फुग्याबद्दल सांगितलं. तिचा जीव सगळा रांगेच्या शेपटाला लागलेला.

दादा पुन्हा खिडकीत आले तेव्हा रांग संपली होती. त्यांनी गॉगल काढून फळीवर ठेवला.

“नमुना समोर नसेल तर?” ते म्हणाले. “शाल गेली. बाई गेली. नुसत्या आठवणीतून रंग केला असेल तर?”

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गुरुवारी रेडिओवर ‘निळा’ म्हणताना ती थांबली, तेव्हाच या माणसाला सगळं कळलं होतं. पाटीचं काही नव्हतंच. रागही नव्हता आणि हट्टही नव्हता.

“डोळे साफ झाले,” दादा म्हणाले, “की ती भिंत कशी दिसेल?”

खोटं बोलणं सोपं होतं. छान दिसेल, थोडा फरक पडेल, असं काहीतरी. पण खिडकीचे नियम तिचेच होते.

“शाईसारखी, दादा,” ती म्हणाली. “भडक. आईंच्या शालीसारखी नाही.”

“किती भडक?”

“बिल द्यायला येतो ना, तो मागे सरकतो.”

“मला वाटायचं कुत्र्याला घाबरतो.”

“आपल्याकडे कुत्रा नाही, दादा.”

दादांनी मान हलवली. “इतकी वर्षं तुम्ही सगळे त्या भिंतीसमोर बसलात, जेवलात, आणि कुणी एक शब्द काढला नाही?”

“तुम्हाला तिथे आई दिसायच्या,” ती म्हणाली, आणि फळीवरची कार्डं उगाच पुन्हा पुन्हा जुळवायला लागली. पहारेकऱ्याने तोंड फिरवून नाक शिंकरलं आणि पाण्याचा पेला आणून ठेवला. दोघांसाठी मिळून एकच.

“ऑपरेशन केलं तर ती दिसायची नाही,” दादा म्हणाले. “नाही केलं तर काहीच दिसायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आता सांग, कारणबाई, काय करू?”

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच त्या नावाने हाक मारली होती.

“माहीत नाही, दादा.”

“शोधून सांगते म्हण. नियम आहे ना तुमचा?”

“शोधून सांगते.”

दादांनी पाणी प्यायलं, निम्मं तिच्यासाठी ठेवलं. “कर मग फोन त्या डॉक्टरबाईंना,” ते म्हणाले. “पण एकाच डोळ्याचं. दुसरा माझ्याकडे राहू दे.”

ऑपरेशन झालं. पट्टी काढून दादा घरी आले आणि चपलांसकट पुढच्या खोलीत गेले. नव्या डोळ्याने भिंत पाहिली.

“अरे बाप रे!” ते दोन पावलं मागे आले. मग नव्या डोळ्यावर तळहात धरून जुन्याने पाहिली, आणि चेहरा निवला. पुन्हा हात बदलला. “शी! शाई आहे ही!” पुन्हा बदलला. “हां, ही ती.” असं किती वेळ चाललं. शेवटी त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता दोन्ही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरबाईंनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं बजावलं होतं. लिफ्टवाला घाबरून रुमाल घेऊन धावला.

नव्या डोळ्याने घरात धुमाकूळ घातला. काळा म्हणून घेतलेला कोट निळा निघाला. कोपऱ्यातली जळमटं दिसायला लागली. सुनेकडे पाहून म्हणाले, “तुझे केस पिकलेत की! खरा पांढरा आहे. मिसळ नाही काही.” बेकरीची पाटी पाहून त्यांना शरमेने मेल्यासारखं झालं. डबा घेऊन दुरुस्त करायला गेले, तर बेकरीवाला पाटीच्या आडवाच आला. म्हणे, गिऱ्हाइकं आता ‘लोण्याच्या पाटीवाली बेकरी’ असं विचारत येतात, अक्षराला हात लावायचा नाही.

पण दुसऱ्या डोळ्याचं नाव काढू देईनात. संध्याकाळ झाली की खुर्ची टाकायचे, नव्या डोळ्यावर हात ठेवायचे आणि जुन्याने भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टरबाईंचे फोन यायचे. दादा म्हणायचे, “तो कामावर आहे.”

एका रविवारी सकाळी कारणबाईने त्यांच्यासमोर दोन डबे आणून ठेवले. एक पांढरा, एक निळा. आणि एक रिकामी बादली.

“हे काय?”

“तुमचा प्रश्न शिल्लक आहे माझ्याकडे. मी कोरडं उत्तर देत नाही.”

दादांनी तिच्याकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या. बादलीत पांढरा ओतला. निळ्यात काडी बुडवली आणि थेंब सोडला. ढवळलं. आणखी एक थेंब. ढवळलं. तिसऱ्यासाठी काडी उचलली आणि हात तसाच राहिला.

“एवढाच?” ते स्वतःशीच म्हणाले. “एवढाच लागतो होय?”

तोच होता. तिलाही कळलं. शाल तिनेच कितीदा धुऊन वाळत घातली होती.

भिंत दोघांनी मिळून रंगवली. वरचं दादांनी, कारण शिडी ते कुणाला देणार? सून दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली, आणि खालचं त्यांनी नंतर तिला रंगवू दिलं, दर हाताला चुका काढत. शाईवर तीन हात द्यावे लागले. लिफ्टवाला पेपर घेऊन मधेच उभा होता, त्याला दादांनी खालची पट्टी रंगवायला बसवलं. “मधला मजला बंद आहे,” म्हणाले.

रंग वाळल्यावर दादांनी खुर्ची टाकली. सवयीने तळहात नव्या डोळ्याकडे गेला. जुन्याने पाहिलं, तर भिंत मळकट, काहीच नसल्यासारखी. त्यांनी हात काढला आणि जुन्या डोळ्यावर ठेवला. मग किती तरी वेळ ते हललेच नाहीत. सून ब्रश धुवायचं सोडून दारात उभी होती.

“दिसतात?” तिने विचारलं.

“दिसते,” दादा म्हणाले. “रागावलीय. म्हणते, इतकी वर्षं मला शाईत बुडवून ठेवलंत.”

तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. दादांनी जुन्या डोळ्यावरचा हात तसाच धरून दुसऱ्या हाताने फोनकडे बोट केलं.

“लाव त्या डॉक्टरबाईंना,” ते म्हणाले. “सांग, दुसराही मोकळा झालाय.”